हिवाळ्यात ग्रीनहाऊसमध्ये बुटके टोमॅटो: जात, ऊब, उजेड आणि फळधारणा

पर्णिका (धागाकर्ती)

ज्यांच्याकडे हिवाळ्यात रात्रीचा पारा शून्याच्या आसपास किंवा खाली जातो आणि ज्यांना ग्रीनहाऊस तेवढे महिने रिकामं ठेवायचं नाही, त्यांच्यासाठी हा धागा काढते आहे. टोमॅटो थंडीत फळापर्यंत नेता येतो. मात्र कुठली जात आणि कुठल्या पद्धतीने, यावर सगळं अवलंबून आहे.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढची चर्चा त्याभोवती होईल. बुटकी जात जागा वाचवते म्हणून बहुतेक जण निवडतात. उन्हाळ्यात ते ठीक आहे. हिवाळ्यात तिचा खरा फायदा वेगळा आहे. ऊब आणि उजेड या दोन्ही गोष्टी थंडीत आपल्याला बाहेरून पुरवाव्या लागतात, आणि त्या किती जागेला पुरवायच्या हे झाडाची उंची ठरवते. दोन मीटर चढणाऱ्या वेलीसाठी अख्खं ग्रीनहाऊस तापवावं लागतं. गुडघ्याच्या खाली राहणाऱ्या झाडांना एका बाकावर उभारलेला आतला तंबू पुरतो. घर तापवू नका, झाड तापवा, एवढंच माझं म्हणणं.

आता 'बुटका' म्हणजे काय ते नीट बघू, कारण बियांच्या पाकिटावर हा शब्द तीन वेगळ्या प्रकारच्या झाडांसाठी वापरलेला असतो.

पहिले खरे बुटके. यांच्यात ड्वार्फ नावाच्या जनुकात बदल असतो, त्यामुळे ब्रासिनोस्टेरॉइड हे वाढीचं संप्रेरक पूर्ण प्रमाणात तयार होत नाही. पेरं आखूड, खोड जाड, पानं गर्द हिरवी आणि सुरकुतलेली. शेंडा वाढत राहतो, पण फार सावकाश. मोठी कुंडी मिळाली तर एक ते सव्वा मीटरपर्यंत जातात. 'ड्वार्फ चॅम्पियन', 'न्यू बिग ड्वार्फ' या जुन्या जाती यातल्याच. अमेरिकेतले क्रेग लहुलिए आणि ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नस्के स्मॉल यांनी २००५-०६ च्या सुमारास ड्वार्फ टोमॅटो प्रोजेक्ट सुरू केला. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून त्यातून 'रोझेला पर्पल', 'टास्मानियन चॉकलेट', 'ड्वार्फ स्वीट सू' अशा कितीतरी जाती तयार केल्या, त्यांवर कोणाचाही मालकी हक्क नाही.

दुसरे मर्यादित वाढीचे. यांच्यात सेल्फ-प्रूनिंग नावाचं वेगळं जनुक असतं. ठरावीक फुलोरे आले की शेंडा फुलोऱ्यातच संपतो आणि झाड थांबतं. पानं साधीच असतात. हे बुटके दिसतात, पण पेरांची लांबी नेहमीसारखीच.

तिसरे अतिबुटके, ज्यांना लोक 'मायक्रो' म्हणतात. यांत 'मायक्रो-टॉम' सगळ्यात प्रसिद्ध. फ्लोरिडा विद्यापीठात शोभेच्या झाडासाठी तयार झालेली ही जात १९८९ मध्ये आली आणि पुढे प्रयोगशाळांची लाडकी झाली, कारण एवढ्याशा जागेत शेकडो रोपं मावतात. तिच्यात वरची दोन्ही जनुकं बदललेली आहेत. उंची १५ ते २० सेंमी. 'टायनी टिम', 'रेड रॉबिन', 'ऑरेंज हॅट' यांचीही उंची साधारण वीतभर ते दीड वीत.

थंडीसाठी माझी पहिली पसंती तिसऱ्या गटाला, दुसरी पहिल्या गटाला. मधला गट मी उन्हाळ्यासाठी ठेवते.

तापमानाचं म्हणाल तर १० अंशाखाली वाढ जवळपास थांबते. १३ अंशाखाली रात्री गेल्या की परागकण कमजोर होतात आणि फुलं गळतात. दिवसा २० ते २४, रात्री १५ ते १७ मिळालं तर झाड खूश. पण हे आकडे उजेडाशी जोडून वाचा. ढगाळ, अंधारलेल्या दिवशी २४ अंश ठेवलेत तर रोप काटकुळं होऊन उजेडाकडे धावतं. उजेड कमी तर ऊबही कमी ठेवायची. ढगाळ दिवशी १६ ते १८ पुरे.

तुमचे अनुभव आणि प्रश्न येऊ द्या.

कुंडीवाला

चांगला धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. पेरणी कधी करायची? थंडी सुरू झाल्यावर की आधी?

पर्णिका

आधी. खूप आधी. वर्षातला सगळ्यात छोटा दिवस हा खुंटा समजा आणि तिथून मागे मोजा. अतिबुटक्या जातींसाठी साधारण १६ ते १८ आठवडे मागे, म्हणजे उत्तर गोलार्धात ऑगस्टचा उत्तरार्ध, दक्षिणेत फेब्रुवारीचा. मोठ्या फळाच्या खऱ्या बुटक्यांना आणखी महिनाभर आधी.

कारण असं, की फुलं येणं आणि फळ धरणं ही नाजूक कामं दिवस मोठे असताना उरकली पाहिजेत. धरलेलं हिरवं फळ कमी उजेडातही सावकाश मोठं होतं आणि पिकतं. पण फुलोराच जर सगळ्यात अंधाऱ्या आठवड्यांत आला तर फुलं येतात आणि जातात, हाती काही लागत नाही.

दुसरी पेरणी सगळ्यात छोट्या दिवसाच्या आसपास, दिव्याखाली. ही रोपं वाढत्या दिवसांत वाढतात आणि वसंताच्या सुरुवातीलाच फळावर येतात. टोमॅटोच्या फुलण्यावर दिवसाच्या लांबीचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे दिवस लहान म्हणून फूल येणार नाही ही भीती नको. कमी पडतो तो एकूण उजेड.

गणिती_माळी

'घर तापवू नका, झाड तापवा' याला आकड्यांचा आधार देतो, कारण फरक किती मोठा आहे हे गणित केल्याशिवाय पटत नाही.

समजा भिंती आणि छप्पर मिळून ३० चौरस मीटर साधी काच आहे. साध्या काचेतून दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला साधारण ६ वॅट उष्णता निसटते. बाहेर शून्य, आत १५ हवं. म्हणजे ३० गुणिले ६ गुणिले १५, झाले २,७०० वॅट. रात्र १४ तासांची धरली तर सुमारे ३८ युनिट वीज, एका रात्रीला. फटींमधून जाणारी हवा यात धरलेलीच नाही.

आता आतला तंबू. दोन मीटर लांब, ८० सेंमी रुंद, ९० सेंमी उंच. तळाला थर्माकोलचा जाड थर, वर आणि चारी बाजूंना फुगेवालं पॉलिथिन. उघडा पृष्ठभाग साडेसहा चौरस मीटरच्या थोडा वर. या आवरणाला ४ वॅट धरू. बाहेरचं ग्रीनहाऊस न तापवताही बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंश वर राहतं, तेव्हा फरक १२ अंशांचा. हिशोब येतो ३२० वॅटच्या आसपास. रात्रभराचे साडेचार युनिट. म्हणजे आठपटीपेक्षा जास्त फरक.

पाण्याच्या पिंपांबद्दलही सांगतो, कारण 'काळं पिंप ठेवा, रात्री ऊब देईल' असा सल्ला सगळीकडे दिसतो. २०० लिटर पाणी ५ अंशांनी थंड झालं तर त्यातून मिळते १.२ युनिटच्या आतबाहेर ऊब. अख्ख्या ग्रीनहाऊसच्या ३८ युनिटांपुढे ते काहीच नाही. पण तेच पिंप तंबूच्या आत घेतलं तर रात्रीच्या गरजेचा चौथा भाग भागतो. पिंप तेच, फक्त जागा बदलली.

काचघर

+१. गणित वाचून तंबूच उभारते आता. पण दिवा कोणता आणि किती वेळ? बाजारात एवढे प्रकार आहेत की डोकं फिरतं.

गणिती_माळी

रंगाच्या जाहिरातींकडे फार लक्ष देऊ नका. चांगला पांढरा एलईडी पुरतो, आणि त्याखाली पानांचा खरा रंग दिसतो, त्यामुळे रोग लवकर ओळखू येतो. जांभळ्या उजेडात पिवळं पडलेलं पान दिसतच नाही.

उजेडाचं माप 'दिवसाला एका चौरस मीटरवर किती मोल' असं करतात, मोल म्हणजे उजेडाच्या कणांची गणती. मोठा टोमॅटो २० ते ३० मोल मागतो. अतिबुटक्या जाती १२ ते १५ वर बऱ्यापैकी फळतात. हिवाळ्यात वरच्या अक्षांशांवर ग्रीनहाऊसच्या आत ४-५ मोलही मिळणं कठीण असतं, कारण काच, तिच्यावरची धूळ, सांगाडा आणि तंबूचं पॉलिथिन, प्रत्येक जण आपला वाटा कापून घेतो. उरलेलं दिव्याने भरायचं. पानांच्या उंचीवर दर सेकंदाला २०० मायक्रोमोल (मायक्रोमोल म्हणजे मोलाचा दहा लाखावा भाग) देणारा दिवा १२ तास चालला तर साडेआठ मोलांची भर पडते. वरच्या मापाच्या तंबूला चांगल्या प्रतीचे मिळून १५० वॅटचे दिवे लागतील.

आता यातली जमेची बाजू. दिव्यात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी तंबूतच उष्णता होऊन राहते. म्हणून दिवे संध्याकाळी नाही, पहाटे लावा. रात्रीची सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या आधीची. त्या तासांत १५० वॅटचा दिवा हीटरचं निम्मं काम करतो. मी टायमर असा लावतो की दिवे पहाटेच्या बरेच आधी सुरू होतात आणि ऊन चढलं की बंद होतात. गरज असेल तर संध्याकाळी पुन्हा थोडा वेळ.

पर्णिका

यात एक भर. चोवीस तास दिवा कधीही ठेवू नका. सलग उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडतात, त्यांच्यावर डाग येतात. रोज निदान सहा तास पूर्ण अंधार हवाच. दिवस जास्तीत जास्त १६ ते १७ तासांचा करा.

आणि बुटक्या जातीचा इथे दुसरा लाभ बघा. झाड उंच असेल तर दिवा शेंड्याला भरपूर आणि खालच्या पानांना नावापुरता मिळतो. वीतभर झाडाला वरपासून खालपर्यंत जवळपास सारखा उजेड मिळतो. दिवा जवळ आणता येतो, वाया कमी जातो.

शुभंकर_बागवान

उजेड मोजायचं यंत्र नसेल तर?

गणिती_माळी

फोनवरचं लक्स (डोळ्याला दिसणारी उजेडाची प्रखरता) मोजणारं अॅप चालेल, अंदाजापुरतं. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सच्या आकड्याला ७० ने भागा, साधारण मायक्रोमोल येतात. म्हणजे पानांपाशी १४-१५ हजार लक्स दिसले की २०० च्या घरात आहात. फोनाफोनांत फरक पडतो, पण 'पुरेसा' आणि 'निम्माच' यांतला फरक नक्की कळतो.

सावित्रीताई

पर्णिका, लेख उत्तम. पण मोठ्या फळाच्या जातींना तू दुसऱ्या नंबरवर टाकलंस ते मला पटत नाही. 'मायक्रो-टॉम'ची चव अगदीच साधी असते. एवढी वीज घालायची तर फळ चवीचं हवं ना? माझ्याकडे 'रोझेला पर्पल' १५ लिटरच्या कुंडीत थंडीतही फळते आणि चवीला उन्हाळ्यातल्या फळाच्या जवळ जाते.

पर्णिका

ताई, 'मायक्रो-टॉम'च्या चवीबद्दल अगदी मान्य. ती चवीसाठी निवडलेली जातच नाही. म्हणून मी लावताना 'ऑरेंज हॅट'सारख्या जाती जास्त घेते. तुमच्याकडे 'रोझेला पर्पल' फळते यात तुमच्या दिव्यांचा मोठा वाटा आहे, तुमचा तंबू मीटरभर उंच आहे हे तुम्हीच दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतं.

माझा हिशोब फळाच्या आकारावर आहे. मोठ्या फळाला धरल्यापासून पिकेपर्यंत जास्त आठवडे लागतात, आणि थंडीत ते आणखी लांबतात. तेवढा काळ झाडावर राहिलेल्या फळाला बूड काळं पडणं, बुरशी, तडे यांपैकी काहीही होऊ शकतं. चेरीएवढं फळ लवकर सुटतं. ज्यांच्याकडे उजेड भरपूर आहे त्यांनी मोठ्या जाती जरूर लावाव्यात. पहिल्याच हिवाळ्यात सुरुवात करणाऱ्याला मात्र मी अतिबुटक्याच सांगेन.

थंडीतल्या चवीबद्दल एक मात्र सगळ्या जातींना लागू. कमी उजेडात साखर कमी तयार होते, त्यामुळे फळ पाणचट लागतं. पाणी हात राखून द्या आणि खत थोडं तीव्र ठेवा, विशेषतः पोटॅश. व्यावसायिक ग्रीनहाऊसवालेही हिवाळ्यात खताच्या पाण्याची तीव्रता वाढवतात. नत्र मात्र वाढवू नका, नाहीतर नुसती पानं.

सावित्रीताई

बरं, सुरुवात करणाऱ्यांसाठी तुझं म्हणणं मान्य. मी मात्र माझी 'रोझेला' सोडणार नाही. :)

रानवाटा

माझ्या रोपांच्या पानांची खालची बाजू जांभळी झाली आहे. खत वेळेवर देतो. हवेचं तापमान १७ दाखवतंय. जात 'टायनी टिम'. काय कमी पडतंय?

मृद्गंधा

कुंड्या कशावर ठेवल्या आहेत? सिमेंटच्या फरशीवर किंवा थेट जमिनीवर असतील तर कारण तिथेच आहे. हवा १७ असली तरी मुळं १० अंशांवर असू शकतात. गार मातीत मुळांना स्फुरद उचलता येत नाही, आणि स्फुरदाची कमतरता पानाखाली जांभळी दिसते. खतात स्फुरद असूनही हे होतं, म्हणून आणखी खत घालू नका.

स्वयंपाकघरातला साधा काटेवाला थर्मामीटर मातीत खुपसा आणि सकाळी बघा. कुंड्या थर्माकोलवर उचला. जमलं तर खाली उबेची चटई घाला आणि मातीत १८ ते २० अंश येतील असं बघा. मुळं उबदार असली तर वरची हवा दोन अंश गार चालते, असा माझा अनुभव. पाणीही नळाचं गारढोण घालू नका, आदल्या दिवशी तंबूत भरून ठेवलेलं घाला.

रानवाटा

फरशीवरच आहेत. माती मोजली, ११ निघाली. आज उचलतो.

कुंडीवाला

कुंडीचा आकार किती? आणि माती कशी?

मृद्गंधा

अतिबुटक्यांना दीड ते दोन लिटर, खऱ्या बुटक्यांना १५ ते २० लिटर. थंडीत मोठी कुंडी म्हणजे जास्त माया असं नाही. एवढ्याशा मुळांभोवती भरपूर ओली, गार माती राहते आणि मुळं कुजतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (हलके पांढरे सच्छिद्र खडे) आणि चाळलेलं गांडूळखत असं हलकं मिश्रण घ्या. बागेतली माती कुंडीत नको, ती घट्ट बसते.

पाणी सकाळी, आणि कुंडी उचलून वजन हलकं लागलं तरच. बोट खुपसून पाहण्यापेक्षा हे जास्त खात्रीचं, वरचा थर फसवतो.

ओलीपाऊलवाट

तंबू केला, दिवा लावला, सगळं छान हिरवंगार. पण सकाळी पॉलिथिनच्या आतून पाणी ठिबकतंय आणि दोन देठांवर राखाडी मऊ बुरशी दिसली. फुलंही येतात आणि तशीच गळतात. तंबू उघडला तर ऊब जाते, बंद ठेवला तर हे. काय करू?

शेंडाफूट

तुमचे दोन्ही प्रश्न एकच आहेत. हवेतला दमटपणा.

राखाडी बुरशी म्हणजे बोट्रायटिस. तिला गारवा, ओलं पान आणि न हलणारी हवा एवढंच लागतं. पहिलं काम, बाधित देठ कोरड्या वेळी, स्वच्छ कात्रीने, निरोगी भागापर्यंत कापा आणि पिशवीत बंद करून बाहेर न्या. झटकू नका, बीजाणू पसरतात. मातीला टेकलेली खालची पानं काढून टाका. गळून पडलेल्या पाकळ्या रोज वेचा, बुरशी बऱ्याचदा तिथूनच सुरू होते.

दुसरं, आत एक छोटा पंखा सतत चालू ठेवा. झाडावर थेट नाही, भिंतीकडे तोंड करून. पान किंचित हललं पाहिजे एवढंच. तिसरं, दुपारी बाहेर ऊन असताना तंबू अर्धा-पाऊण तास उघडा. बाहेरची गार हवा आत येऊन तापली की तिची पाणी शोषायची ताकद वाढते, आणि तुमचा तंबू कोरडा होतो. थोडी ऊब जाते, जाऊ द्या. ती लगेच भरून निघते.

आता फुलगळ. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःला फलित करतं, पण परागकण परागकोशांच्या नळीच्या आत असतात आणि फूल हादरल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. बाहेर वारा आणि बंबलबी माश्या हे काम करतात. मधमाशीला ती विशिष्ट थरथर जमत नाही. म्हणून १९८७ पासून युरोपातल्या ग्रीनहाऊसांत मुद्दाम पाळलेल्या बंबलबी सोडायला लागले. आपल्या एका तंबूला त्यांची गरज नाही. विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश घ्या आणि फुलोऱ्याच्या देठाला, फुलाच्या मागच्या बाजूने, दोन-तीन सेकंद टेकवा. ऊन असलेल्या दिवशी बारीक पिवळी धूळ उडताना दिसते.

वेळ महत्त्वाची. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, तंबू उघडून कोरडा झाल्यावर. दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असेल तर परागकण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि ब्रश कितीही फिरवला तरी उपयोग नाही. ६० ते ७० टक्के उत्तम. एका फुलाला एकाच दिवशी करून थांबू नका, उघडलेलं असेपर्यंत दिवसाआड करा.

ओलीपाऊलवाट

मीटर लावला, सकाळी ९३ टक्के! पंखा लावते. अतिबुटक्या झाडांना फुलोरा पानांत दडलेला असतो, तिथे ब्रश पोचत नाही.

शेंडाफूट

मग ब्रश खोडाच्या वरच्या भागाला टेकवा. झाड एवढं लहान असतं की सगळेच फुलोरे थरथरतात.

काचघर

फळ परागीकरणाशिवाय धरतं अशा जाती असतात असं वाचलंय. त्या का नाही लावायच्या?

पर्णिका

असतात, आणि थंडीसाठी फार कामाच्या आहेत. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत जेम्स बॅगेट यांनी 'ओरेगॉन स्प्रिंग', 'सिलेट्झ', 'लिजंड', 'गोल्ड नगेट' अशा जाती तयार केल्या. गार रात्रींमुळे पराग कमजोर पडला तरी त्यांचं फळ धरतं, अशा वेळी त्यात बिया फार कमी किंवा नसतातच. पण त्या माझ्या दुसऱ्या गटातल्या, मर्यादित वाढीच्या आहेत. पसारा जास्त. ज्यांचा तंबू मोठा आहे किंवा रात्री १२-१३ च्या वर नेणं जमत नाही, त्यांनी 'गोल्ड नगेट' जरूर लावून बघा. फळ लहान, पिवळं आणि लवकर.

शुभंकर_बागवान

वीज वारंवार जाते त्यांनी रॉकेलचा हीटर वापरला तर?

गणिती_माळी

टोमॅटोसाठी मी नको म्हणेन. एक लिटर रॉकेल जळलं की जवळपास लिटरभर पाण्याची वाफ हवेत येते, म्हणजे वर ज्याच्याशी झगडतोय तो दमटपणा आपणच वाढवतो. त्याहून वाईट म्हणजे ज्वलन अपुरं झालं तर इथिलीन वायू तयार होतो. टोमॅटो त्याला अतिशय हळवा. पानांचे देठ खाली वळतात, फुलं आणि कळ्या गळून पडतात. आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका माणसाला आहे, तो वेगळाच. तंबूच्या आत तर अजिबात नाही.

वीज जाण्याची भीती असेल तर ऊब साठवा. तंबूत पाण्याने भरलेल्या बाटल्या दाटीने ठेवा आणि रात्री वरून जुनं ब्लँकेट टाका. तंबू छोटा असल्याने हे शक्य होतं. काही तास ७-८ अंश सहन करून झाड वाचतं, फक्त त्या दिवसांतली फुलं जातात.

रानवाटा

कुंड्या उचलून, चटई घातल्यावर नवीन पानं हिरवी येत आहेत. जुनी जांभळी तशीच आहेत. काढू का?

मृद्गंधा

नको. ती अजून काम करतात. पिवळी पडली की काढा. बुटक्या जातींत मुळातच पानं मोजकी, उगाच कमी करू नका. बगलफुटीही काढायच्या नाहीत. उंच वेलीची सवय असलेले लोक हात चालवतात, पण अतिबुटक्या झाडाचं बरंचसं फळ त्या फुटींवरच येतं.

सावित्रीताई

पांढऱ्या माशीवर कोणी काही लिहिलं नाही अजून. थंडीत ग्रीनहाऊस म्हणजे तिचं माहेर.

मृद्गंधा

खरंय ताई. एन्कार्सिया फॉर्मोसा ही बारीक गांधीलमाशी तिच्यावर सोडतात, पण १८ अंशाखाली ती सुस्त होते, त्यामुळे आपल्या तंबूत तिचा भरवसा नाही. पिवळे चिकट सापळे किती माश्या आहेत ते सांगतात, आणि थोड्या पकडतातही. खरा उपाय झाडाच्या आकारातच आहे. कुंडीची माती निसटू नये म्हणून वर कापड बांधायचं, झाड उलटं करायचं आणि सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात अख्खं बुडवायचं. पिल्लं पानाच्या खालच्या बाजूला बसलेली असतात, फवारा तिथे नीट पोचत नाही. बुडवलं की पोचतं. अंडी यातून वाचतात, म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीनदा करा. सकाळी करा आणि पंख्यासमोर वाळू द्या. दोन मीटरच्या वेलीला हे करता येणार नाही.

ओलीपाऊलवाट

पहिली फळं धरली! बरीचशी मोहरीएवढी आहेत, पण आहेत. :) आता एक, खालच्या, सगळ्यात आधी धरून मोठ्या झालेल्या एका फळाचं बूड काळं आणि चपटं झालंय. कॅल्शियम फवारू?

शेंडाफूट

अभिनंदन! फवारणीने फारसं काही होत नाही, पानावर पडलेलं कॅल्शियम फळात जात नाही. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच फळापर्यंत येतं. माती कधी कोरडीठाक, कधी चिंब झाली की प्रवाह तुटतो. पाणी नियमित ठेवा. ते फळ काढून टाका म्हणजे झाडाची ताकद वाया जाणार नाही.

काचघर

फळं रंगायला लागली की झाडावरच ठेवायची का? माझी अर्धवट केशरी होऊन अडकली आहेत. रात्री १२ पर्यंत जातंय.

पर्णिका

१२ अंशाच्या आसपास लाल रंगद्रव्य तयार होणं फार मंदावतं, म्हणून अडकतात. बुडाशी रंग फुटला की तोडा आणि घरात १८ ते २१ अंशांत ठेवा. ऊन लागायची गरज नाही, फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. रंग फुटल्यानंतर झाडाकडून फळाला फार थोडं मिळायचं राहिलेलं असतं, त्यामुळे चवीत मोठा फरक पडत नाही. शिवाय झाड मोकळं होऊन पुढच्या फळांकडे वळतं.

कुंडीवाला

शेवटचा प्रश्न. हंगाम संपला की झाडं टाकायची की ठेवायची? आणि बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच येईल का?

पर्णिका

अतिबुटक्या झाडाचा पहिला बहर उतरला की ते थकतं. छाटलं तर दुसरा बहर येतो, पण विरळ. नवी पेरणी बरी. खरे बुटके ठेवता येतात. टोमॅटो मुळात बहुवर्षायू आहे, गारठा लागला नाही तर जगतो. नाहीतर बगलफुटीचा बोटभर शेंडा पाण्यात किंवा ओल्या कोकोपीटमध्ये ठेवा, आठवडा-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. फांदी घेताना पांढरी माशी बरोबर येत नाही ना, एवढं बघा.

बी धरायचं तर पाकिटावर संकर लिहिलेली जात नको. ड्वार्फ टोमॅटो प्रोजेक्टच्या प्रसारित जाती आणि 'टायनी टिम'सारख्या जुन्या जाती बियांपासून तशाच येतात. शेजारी उंच जात फुलत असेल आणि चुकून संकर झाला, तर पुढच्या पिढीतलं ते रोप उंचच निघेल, कारण बुटकेपणाचं जनुक दबणारं आहे. पण असं रोप ओळखायला ते वाढायची वाट पाहावी लागत नाही. दोन-तीन खरी पानं आली की बुटक्या रोपाचं पान जाड, गर्द आणि सुरकुतलेलं दिसतं, खोड बुटुकलं असतं. सपाट पानाचं, लांब पेरांचं रोप दिसलं की ते वेगळं काढून उन्हाळ्याच्या वाफ्यासाठी ठेवा.